तोफ स्टॉलवर विकली जात नाही

मार्च २०१६च्या अखेरीस दक्षिण गोव्यात, केपे तालुक्यातल्या नाकेरी-बेतूलच्या पठारावर, चार दिवस रणगाडे, तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती मांडलेल्या होत्या. ‘डिफेक्स्पो’ हे संरक्षण मंत्रालयाचं दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन. १९९९पासून ते दिल्लीच्या प्रगती मैदानावर भरत आलं होतं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ते पहिल्यांदा दिल्लीबाहेर पडलं आणि गोव्यात आलं. प्रदर्शनाच्या निमित्ताने पठाराची जमीन कायमची हातची जाईल, अशी धास्ती आसपासच्या गावांना वाटत होती. तिथे विरोधही झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली ती अर्थातच रणगाड्यांची.

पण त्या चार दिवसांत पुढच्या अनेक वर्षांवर परिणाम करणारी जी गोष्ट घडली, तिला ना चाकं होती ना नळी. पर्रीकरांनी पहिल्याच दिवशी ‘संरक्षण खरेदी कार्यपद्धती २०१६’ जाहीर केली. सैन्यदलांनी काय, कोणाकडून, कोणत्या क्रमाने विकत घ्यायचं याचे नियम त्यात होते. भारतातच रचना, विकास आणि उत्पादन झालेल्या सामग्रीला खरेदीत पहिला मान देणारा नवा वर्ग या नियमांत प्रथम आला. पठारावर जमलेल्या हजारावर कंपन्यांच्या प्रतिनिधींना समोरच्या तोफेपेक्षा हे नियम जास्त महत्त्वाचे होते, कारण आपला माल कोणत्या दारातून आत जाणार हे त्यावरच ठरणार होतं.

शस्त्रांच्या प्रदर्शनाचं खरं काम इथे दिसतं. तिथे कोणी तोफ पाहून, किंमत विचारून, पैसे मोजून घेऊन जात नाही. या व्यापारात गिऱ्हाईक बहुतेक वेळा एखादं सरकारच असतं, एकेका खरेदीला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि विकणाऱ्यालाही स्वतःच्या सरकारची परवानगी लागते. एवढ्या लांबलचक वाटेवर प्रदर्शन हा एक मुक्काम असतो. त्या मुक्कामी काय होतं ते समजलं, तर प्रदर्शनानंतर छापून येणारे मोठमोठे आकडे नीट वाचता येतात. आणि ते वाचता यायलाच हवेत, कारण पैसा आपल्या करांचा असतो आणि शेवटी ते शस्त्र कुठेतरी, कोणावर तरी चालणार असतं.

जगात अशा प्रदर्शनांचं एक पक्कं वेळापत्रक आहे. पॅरिसजवळ व्हिलपँतमध्ये सम वर्षी जूनमध्ये ‘युरोसेटरी’ भरतं. १९६७ साली ते व्हर्सायजवळच्या सातोरी या लष्करी तळावर सुरू झालं, म्हणून हे नाव. विषम वर्षी जूनमध्ये पॅरिसच्याच ले बुर्जे विमानतळावर हवाई प्रदर्शन असतं, त्याची परंपरा १९०९पर्यंत मागे जाते. लंडनच्या गोदी भागातल्या एक्सेल केंद्रात विषम वर्षी सप्टेंबरमध्ये ‘डीएसईआय’ भरतं, तेव्हा युद्धनौका शेजारच्या धक्क्याला येऊन लागतात. अबू धाबीचं ‘आयडेक्स’ १९९३पासूनचं, तेही विषम वर्षी फेब्रुवारीत. त्याच महिन्यात बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर ‘एरो इंडिया’ असतं, १९९६पासून. पोलिसांच्या आणि अंतर्गत सुरक्षेच्या सामानासाठी पॅरिसचं ‘मिलिपोल’ वेगळं. तारखा अशा विभागलेल्या असल्यामुळे मोठ्या कंपनीचा विक्री विभाग वर्षभर एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतो आणि त्याच त्या अधिकाऱ्यांना, त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांना पुन्हा पुन्हा भेटतो.

प्रदर्शन भरवणारा कोण, यावर त्याचा स्वभाव ठरतो. भारतात ते सरकार भरवतं आणि संरक्षण उत्पादन विभाग त्याचा कारभार पाहतो. युरोसेटरीमागे फ्रान्सच्या भूदलाला सामग्री पुरवणाऱ्या उद्योगांची संघटना आहे. लंडनचं प्रदर्शन एका खासगी कंपनीचं, पण ब्रिटिश सरकारचा त्याला भक्कम पाठिंबा असतो. उत्पन्न मुख्यतः जागेतून येतं. कंपनी चौरस मीटरच्या हिशेबाने जागा घेते. लहान उद्योगाला तीन बाय तीन मीटरचा, भिंती-दिवे-टेबल लावून दिलेला तयार गाळा मिळतो. मोठी कंपनी नुसती मोकळी जागा घेऊन त्यावर दोन मजली कक्ष उभारते. खालच्या मजल्यावर माल आणि पडदे, तर वरच्या मजल्यावर दारं बंद करून बसण्याच्या खोल्या. हवाई प्रदर्शनात धावपट्टीला लागून पाहुण्यांसाठी ‘चॅलेट’ असतात. सैन्याधिकारी, मंत्री, बँकवाले तिथे बसून कसरती पाहतात आणि बोलणी करतात. एकेका देशाचं सामाईक दालनही असतं. त्याचा काही खर्च त्या देशाचं सरकार उचलतं, म्हणजे तिथल्या लहान कंपन्यांना एकट्याने परदेशी उभं राहावं लागत नाही.

माल तिथवर आणायचा तर कागदपत्रांचा ढीग लागतो. शस्त्र किंवा त्याचा महत्त्वाचा भाग देशाबाहेर न्यायला बहुतेक देशांत निर्यात परवाना लागतो, मग तो विकायला न्या की दाखवून परत आणायला. अमेरिकेत तात्पुरत्या निर्यातीचा वेगळा परवाना आहे. त्यांच्या कायद्यानुसार यंत्राचा तांत्रिक तपशील परदेशी माणसाला सांगणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते. म्हणून अमेरिकी कक्षावरचा माणूस ठरलेल्या माहितीपत्रकाच्या पलीकडे अवाक्षर काढत नाही. पाहणाऱ्याला ते तुसडेपणाचं वाटतं, पण त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी गप्पच बसला असता. दारूगोळा असतो तो निष्क्रिय केलेला. क्षेपणास्त्रं बहुधा नुसती बाहेरून हुबेहूब केलेली आणि आतून पोकळ असतात.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. परदेशी शिष्टमंडळं आपणहून येत नाहीत. यजमान सरकार त्यांना रीतसर निमंत्रण पाठवतं, विमानतळावर उतरून घेतं आणि प्रत्येक मंडळाबरोबर एक संपर्क अधिकारी देतं. त्यांचं दिवसाचं वेळापत्रक आधीच आखलेलं असतं. कोणत्या कक्षावर किती वाजता, किती मिनिटं, समोर कोण बसणार, सगळं ठरलेलं. ही आखणी महिनोन्‌महिने चाललेली असते आणि तीत त्या त्या देशाच्या दूतावासातला लष्करी अधिकारी कळीचा असतो. कोणत्या सैन्यदलाला काय हवंय आणि कोणाचं म्हणणं तिथे चालतं, हे त्याला ठाऊक असतं. सामान्य लोकांना आत सोडतात ते शेवटी. एरो इंडियात पहिले तीन दिवस व्यवसायाचे आणि शेवटचे दोन लोकांसाठी असतात. म्हणजे गर्दी आत येते तोवर महत्त्वाच्या बैठका उरकलेल्या असतात.

या बैठकांत नेमकं काय होतं? माझ्या मते सगळ्यांत कमी चर्चिला गेलेला आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सैन्याला एखादी तोफ हवी असेल तर आधी ती कशी हवी ते कागदावर उतरवावं लागतं. पल्ला किती, वजन किती, वाळवंटात आणि सियाचीनच्या थंडीत चालली पाहिजे का, मिनिटाला किती गोळे. या अटींना गुणात्मक निकष म्हणतात. ते पक्के करण्याआधी बाजारात काय उपलब्ध आहे हे विचारणारं माहिती-मागणीचं पत्र कंपन्यांना जातं, लष्करी भाषेत त्याला ‘आरएफआय’ म्हणतात. निकष लिहिणारे अधिकारी प्रदर्शनात फिरतात, माहितीपत्रकं गोळा करतात, अभियंत्यांना प्रश्न विचारतात. कंपन्यांचा सगळा खटाटोप इथेच एकवटलेला असतो. आपल्या यंत्रात जे आहे आणि प्रतिस्पर्ध्याकडे नाही, तेवढी एक अट निकषांत शिरली की पुढची स्पर्धा सुरू होण्याआधीच अर्धी जिंकलेली असते.

यात एक मोठी फसगतही लपलेली आहे. एका कंपनीच्या पत्रकातून सर्वांत लांब पल्ला घेतला, दुसरीकडून सर्वांत कमी वजन, तिसरीकडून सर्वांत जास्त वेग, असं करत एक यादी तयार होते. त्या यादीतली प्रत्येक गोष्ट जगात कुठे ना कुठे आहे, पण सगळ्या गोष्टी एका यंत्रात कुठेच नाहीत. मग निविदेला कोणी उतरत नाही, किंवा एकच कंपनी उरते आणि एकट्याच बोलीवर खरेदी पुढे नेणं अवघड म्हणून सगळी प्रक्रिया पहिल्या पायरीवर येते. आपल्याकडचे निकष अनेकदा अवास्तव असतात, अशी तक्रार खुद्द पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना जाहीरपणे केली होती. प्रदर्शन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला समोरचं चकचकीत पत्रक आणि रणभूमीवरचं यंत्र यांतलं अंतर ओळखता येणं, हे म्हणूनच अतिशय मोलाचं कसब आहे. अलीकडे बऱ्याच कक्षांवर ‘युद्धात सिद्ध’ असा फलक ठळकपणे लावलेला दिसतो. २०२०च्या नागोर्नो-काराबाख युद्धानंतर तुर्की ड्रोनना जी मागणी आली, तिच्यामुळे त्या दोन शब्दांचं वजन सगळ्यांच्या लक्षात आलं. त्या फलकामागे खरी माणसं मेलेली असतात, हे मात्र फलकावर लिहिलेलं नसतं.

निकष ठरले की पुढची वाट अशी असते: संरक्षण खरेदी परिषद गरज मान्य करते, मग प्रस्ताव मागवले जातात, तांत्रिक छाननी होते, मैदानी चाचण्या होतात, उरलेल्यांच्या किमतीची पाकिटं उघडली जातात, सर्वांत कमी बोलीवाल्याशी वाटाघाटी होतात, मोठ्या रकमेला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी लागते आणि त्यानंतर सही. यातल्या कोणत्याही टप्प्यावर गाडी अडू शकते.

हवाई दलासाठी १२६ लढाऊ विमानांचे प्रस्ताव २००७ साली मागवले गेले. त्या काळातल्या एरो इंडिया प्रदर्शनांत स्पर्धेतली विमानं येलहंकाच्या आकाशात कसरती करत होती आणि वाहिन्या प्रत्येक वेळी आता कोण जिंकणार याचे अंदाज बांधत होत्या. सहा विमानांतून राफाल निवडलं गेलं ते जानेवारी २०१२मध्ये. ती खरेदी शेवटी झालीच नाही. त्याऐवजी सप्टेंबर २०१६मध्ये दोन सरकारांमध्ये ३६ विमानांचा करार झाला आणि पहिली पाच राफाल अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी. फेब्रुवारी २०२५च्या एरो इंडियात रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ ही पाचव्या पिढीची दोन्ही विमानं एकाच वेळी आली, तेव्हाही भारत यांतलं कोणतं घेणार यावर रात्ररात्र चर्चा झाल्या. विमान प्रदर्शनात आलं याचा अर्थ त्याच्या मालक देशाने ते दाखवायची परवानगी दिली, एवढाच होतो.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं आहे. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने २०१३ साली १५५ मिलिमीटरच्या ओढून नेण्याच्या तोफेचं काम हाती घेतलं, पुण्याची भारत फोर्ज आणि टाटा समूहातली एक कंपनी यांना बरोबर घेऊन. ‘एटॅग्ज’ या नावाने ती ओळखली जाते. २०१७च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती देशाने पाहिली. २०२०मध्ये पोखरणला चाचणी चालू असताना नळी फुटून माणसं जखमी झाली आणि काम लांबलं. २०२२च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरच्या सलामीत ती वाजली. खरेदी परिषदेने गरज मान्य केली मार्च २०२३मध्ये आणि ३०७ तोफांचा, सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला मार्च २०२५मध्ये. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून बारा वर्षं. या बारा वर्षांत तिच्यावर राबलेल्या पुण्यातल्या अभियंत्यांची आणि कामगारांची नावं कोणत्याही फलकावर आली नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

हे कालमान लक्षात ठेवून प्रदर्शनाच्या समारोपाचे आकडे पाहावेत. ऑक्टोबर २०२२मध्ये गांधीनगरला डिफेक्स्पो भरलं. फक्त भारतीय कंपन्यांना जागा देणारं हे पहिलंच. तिथे ४५१ सामंजस्य करार, तंत्रज्ञान हस्तांतरण करार आणि नव्या उत्पादनांच्या घोषणा झाल्या, आणि दीड लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची शक्यता सांगितली गेली. आपल्या प्रदर्शनांत करारांच्या या सोहळ्याला ‘बंधन’ असं नाव आहे. मंचावर जोड्याजोड्यांनी लोक येतात, फायलींची देवाणघेवाण होते. पण असे कागद वेगवेगळ्या तोलाचे असतात. सामंजस्य करार म्हणजे आपण मिळून काही करू अशी इच्छा. ती मोडली तर सहसा दंड नसतो. तंत्रज्ञान हस्तांतरणात एक पक्ष दुसऱ्याला रेखाचित्रं आणि कृती देतो, म्हणजे काहीतरी हातात पडतं. खरेदीच्या करारात नगांची संख्या असते, तारखा असतात, उशिराचा दंड असतो. बेरीज करताना तिन्ही एका ओळीत मांडले की आकडा फुगतो. बातमीत ‘शक्यता’ हा शब्द कुठे आहे, तो आधी शोधावा.

अबू धाबीची रीत याहून वेगळी आहे. आयडेक्समध्ये यजमान सरकारची खरेदी करणारी संस्था रोज त्या दिवशीचे करार कंपनीच्या नावासह आणि रकमेसह जाहीर करते. त्या खरेद्या आधीच ठरलेल्या असतात, घोषणा तेवढी प्रदर्शनासाठी राखून ठेवलेली असते. तरी निदान आकडा खऱ्या खरेदीचा असतो.

मोठ्या तोफांच्या सावलीत एक दुसरंच प्रदर्शन चालू असतं आणि महाराष्ट्राचा खरा संबंध तिथे येतो. भोसरीच्या, सातपूरच्या किंवा नागपूरच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत पंधरा-वीस कामगारांच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर एखादा कंस किंवा झडप बनत असते. तिच्या मालकाला सैन्याला काही विकायचं नसतं. त्याला हवा असतो मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग. परदेशी कंपनीने मोठा करार मिळवला तर त्यातला किमान तीस टक्के मोबदला भारतात काम देऊन फेडायचा, हा ‘ऑफसेट’चा नियम २००५च्या खरेदी पद्धतीत आला. सुरुवातीला हा नियम ३०० कोटींच्या वरच्या करारांना होता, २०१६मध्ये ती मर्यादा २,००० कोटींवर गेली. या नियमामुळे परदेशी कंपन्यांना भारतीय पुरवठादार शोधणं भाग पडलं आणि प्रदर्शनांत दोन कंपन्यांची अर्ध्या-अर्ध्या तासाची जोडभेट ही एक रीतच झाली. त्या अर्ध्या तासात परदेशी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा नाही, प्रमाणपत्राचा: एएस-९१०० आहे का? विमान आणि अवकाश उद्योगातलं गुणवत्तेचं हे मानक नसेल तर बोलणं तिथेच संपतं. असेल तर नमुना मागतात, मग कारखान्याची तपासणी, मग पहिल्या नगाची बारीक मोजणी, आणि सगळं जमलं तर एक-दोन वर्षांनी छोटी ऑर्डर. फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्याजवळ मोशीला राज्य सरकारने लघुउद्योगांसाठी संरक्षण प्रदर्शन भरवलं, त्यामागची गरज हीच होती. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४मध्ये ६८६ कोटी रुपये होती, ती २०२४-२५मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. फिलिपिन्सला गेलेल्या ब्राह्मोस क्षेपणास्त्रांसारखे मोठे करार डोळ्यांत भरतात, पण या आकड्यात सुट्या भागांचाही मोठा वाटा आहे.

या व्यापाराला विरोधही तितकाच जुना आहे, आणि तो प्रदर्शनाच्या दारातच होतो, कारण एरवी हा व्यापार लोकांच्या नजरेला पडतच नाही. ‘लॅन्सेट’ हे नामांकित वैद्यकीय नियतकालिक ज्या समूहाचं, त्याच रीड एल्सव्हिअरची एक उपकंपनी लंडनचं प्रदर्शन भरवत होती. खुद्द लॅन्सेटच्या संपादकांनी आणि डॉक्टरांनी याला जाहीर आक्षेप घेतला. शेवटी २००७ साली समूहाने या धंद्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ते प्रदर्शन दुसऱ्या कंपनीकडे गेलं. २०१७मध्ये एक्सेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडव्या झालेल्या चार आंदोलकांचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. युरोपीय संघाने छळासाठीच वापरता येतील अशी साधनं प्रदर्शनात मांडण्यावर २०१६मध्ये बंदी घातली. त्याआधी अशी साधनं पुस्तिकांत छापून उघड दाखवल्याबद्दल लंडनमध्ये कंपन्यांना मध्येच बाहेर काढलं गेलं होतं.

सरकारंही या जागेचा राजकीय वापर करतात. गाझातल्या युद्धावरून फ्रान्सने २०२४च्या युरोसेटरीत इस्रायली कंपन्यांना कक्ष नाकारले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि बंदीविरोधी आदेश आला तोवर प्रदर्शन सुरू झालेलं होतं. पुढच्या वर्षी ले बुर्जेला काही इस्रायली कक्षांभोवती उद्घाटनाच्या दिवशीच काळे पडदे उभे राहिले, कारण आक्रमणासाठीची शस्त्रं मांडणीतून काढायला त्यांनी नकार दिला होता. कोणाचा माल दिसेल आणि कोणाचा झाकला जाईल, हा परराष्ट्र धोरणाचा निर्णय असतो.

लोकांसाठी खुल्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी तोफेबरोबर फोटो जरूर काढावा. पण कक्षावरच्या माणसाला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. हे आज कोणत्या सैन्याच्या वापरात आहे? यातले कोणते भाग अजून बाहेरून येतात? आणि खरेदीच्या कोणत्या टप्प्यावर आहे: निकष, चाचणी, वाटाघाटी की सही? परवान्याने तोंड बांधलेला परदेशी माणूस कदाचित हसून विषय बदलेल. आपल्या सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या कक्षावर मात्र उत्तर मिळेपर्यंत थांबावं.